माणसाचं वेगळेपण घामात

माणूस म्हणजे उत्क्रांतीचं शेवटचं टोक आणि बाकीचे प्राणी वाटेत थांबले, हा समज शाळा सुटली तरी सुटत नाही. चिंपांझी थांबलेला नाही. साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी तो आणि आपण एका पूर्वजापासून वेगळे झालो, आणि तेव्हापासून दोघंही बदलत आलो आहोत. मग आपलं खास काय? बहुतेक जण मेंदू म्हणतात. सोलापूरकरांनी आधी घामाकडे पाहावं.

मे महिन्यात सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर लांडगा सावली धरून धापा टाकतो. पाणीदार घामाच्या ग्रंथी त्याला पंजाच्या तळव्यापुरत्याच असतात. आपल्या अंगभर त्या २० ते ४० लाख आहेत, चिंपांझीपेक्षा सुमारे दहापट दाट. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. झिरपणारा माठ असाच गार होतो. मुंबईच्या दमट हवेत घाम नुसता निथळतो. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात तो उडतो.

या ग्रंथी वाढल्या कशा? गर्भाच्या त्वचेत केस उगवायचा की घामग्रंथी, हे ठरताना एनग्रेल्ड-१ हे जनुक महत्त्वाचं असतं. त्याचं काम जितकं जास्त, तितक्या ग्रंथी जास्त. डीएनएचा एक छोटा तुकडा स्वतः प्रथिन बनवत नाही, फक्त या जनुकाला जोर देतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या याना कांबेरोव्ह यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं, की मानवी वंशात या तुकड्यात एकामागून एक बदल साचत गेले आणि त्याचा जोर वाढला. जनुक जुनंच, तुकडाही जुनाच. चिंपांझीतही दोन्ही आहेत. किरकोळ बदल आणि नैसर्गिक निवड, याच रीतीने हत्तीला सोंड मिळाली. घोडाही घामाघूम होतो, पण केसांच्या मुळाशी उघडणाऱ्या निराळ्या ग्रंथींतून.

घामावाटे शरीरातलं विष निघतं असं सांगून वाफेच्या खोलीत बसवणाऱ्यांना पैसे देऊ नका. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि थोडं मीठ. विषारी द्रव्यांची विल्हेवाट यकृत आणि मूत्रपिंडं लावतात.

शरीराला ही सोय महागही पडते. उन्हात राबणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी सहज जातं, आणि ते साठवून ठेवायला आपल्याकडे जागा नाही. पाणी मिळालं नाही तर हीच यंत्रणा काही तासांत जिवावर उठते.