आजी, नातू आणि लोणावळ्याचं रान

पुण्यात ‘कॅम्प’ म्हटलं की लष्कर भाग डोळ्यांपुढे येतो. इथल्या मराठी ख्रिस्ती घरांत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. सुटीत मंडळीनं, म्हणजे एका चर्चच्या सगळ्या माणसांनी, दोन-तीन दिवस लोणावळ्याला नाहीतर पाचगणीला राहायला जायचं. पूर्वी तरुणांचा कॅम्प वेगळा, महिलांचा वेगळा असे. आता तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत सगळ्यांनी एकत्र यावं, असं पुष्कळ पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणू लागले आहेत. मला ते मनापासून पटतं, कारण मुळात ही गोष्ट तशीच होती.

बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात मंडपांच्या सणाचा, म्हणजे यहुद्यांच्या एका सणाचा, नियम आहे. सात दिवस आनंद करायचा, आणि तो करणाऱ्यांत मुलगा, मुलगी, दास, दासी, परका, अनाथ, विधवा असे सगळे मोजले आहेत. वयाची अट नाही. पुढे 1801 साली अमेरिकेत केंटकीतल्या केन रिजला हजारो माणसं प्रार्थनासभेला गाड्या नि तंबू घेऊन जमली, तीही बायकामुलांसकट. मेथडिस्ट पंथाच्या मिशनऱ्यांबरोबर ही रीत आपल्याकडे आली आणि लोणावळ्याच्या झाडीत अशा सभा भरू लागल्या.

तिथल्या एका सभेला पंडिता रमाबाई गेल्या होत्या. 1896-97चा दुष्काळ अजून पडायचा होता, बाईंनी विधवांसाठी काढलेलं शारदा सदन पुण्यात होतं. बाईंनी सदनातल्या पंधरा ख्रिस्ती मुलींना बरोबर नेलं होतं. एका पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या, सूर्य उगवताना पाहिला आणि प्रार्थना केली, की पुढच्या सभेपर्यंत या पंधरांचा वर्ग होऊ दे. म्हणजे पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस! मग दुष्काळ आला आणि मध्य प्रांतातून बाईंनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. केडगावचं मुक्ती मिशन यातूनच उभं राहिलं. मोठ्यांच्या सभेत मुलींना काय कळणार, असं बाईंच्या मनात आलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग वाटण्या झाल्या कशा? इंग्लंडात 1780च्या सुमारास रॉबर्ट रेक्स यांनी संडे स्कूल रुजवलं, 1876मध्ये मदर्स युनियन आली, 1881मध्ये अमेरिकेत तरुणांचा ख्रिस्ती प्रयत्न संघ. या सगळ्यांनी मोलाचं काम केलं, गरिबांची मुलं लिहावाचायला शिकली. पण प्रत्येक वयाला आपापली खोली मिळाली आणि मधली दारं लागली.

आपल्याकडे उलटा प्रवाहही होता. कवी ना. वा. टिळकांनी 1917मध्ये साताऱ्याला ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी 1922मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला. पुण्यात शिवाजीनगरच्या त्याच्या आश्रमात इंग्रज नि मराठी माणसं एका पंगतीला बसली.

शिवाय मिशन कंपाउंडात, म्हणजे मिशनच्या आवारातल्या वस्तीत, वेगळ्या शिबिराची गरजही नव्हती. शेजारची आजी रोजच भेटायची. नगर, सोलापूर, जालन्याहून कुटुंबं कारखान्यांमागे पिंपरी-चिंचवडला आली, नंतर वाकड, हडपसर, वाघोलीला फ्लॅट झाले. आता गाठ पडते ती रविवारी, दीड तास, तीही पार्किंग शोधण्याच्या घाईत.

आमच्या मागच्या शिबिरात रात्री लाइट गेले. कीबोर्ड बंद, पडद्यावरचे शब्द गायब. पोरं गप्प झाली. कोपऱ्यातून ऐंशीच्या घरातल्या एका आजींनी टिळकांचं भजन धरलं. टिळकांनी अभंग-ओवीत रचना केल्या, म्हणून त्या तोंडात बसतात. कुणीतरी जेवणाच्या ताटावर ठेका धरला, आजी ओळ सांगत गेल्या आणि मुलं मागून म्हणत गेली. सकाळी चहाच्या वेळी पाहिलं, तर नववीतला एक मुलगा आजींच्या पायाशी बसून ते भजन मोबाइलवर रोमन अक्षरांत उतरवून घेत होता. आजी म्हणत होत्या, “हळू रे, ‘ळ’ म्हण आधी नीट.”