समुपदेशन स्क्रीनवर की समोरासमोर? अपॉइंटमेंट ठरवण्याआधी वाचा

"ऑनलाइन घेतलं तर गुण येतो का हो?" हा आम्हाला फोनवर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. चिंता, पॅनिक अटॅक, सौम्य ते मध्यम नैराश्य, झोपेच्या तक्रारी यांत सहसा येतो. हे 'सहसा' कशावर अवलंबून असतं, ते खाली दिलं आहे.

अभ्यास काय सांगतात

२०१८ साली २० अभ्यासांचा (१,४१८ सहभागी) एकत्रित आढावा निघाला. इंटरनेटवरून दिलेली विचार-वर्तन उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी, आणि समोर बसून दिलेली सीबीटी यांच्या परिणामांत दखल घ्यावी असा फरक त्यात आढळला नाही. ऑनलाइन सेवांच्या बाजूने असेच आकडे पुढे केले जातात. पण त्यातले उपचार बहुतांशी व्हिडिओ कॉलचे नव्हते. धडा वाचायचा, गृहपाठ करायचा आणि उपचारकाने त्यावर लेखी उत्तर द्यायचं, असं त्यांचं स्वरूप होतं. म्हणजे पलीकडे माणूस होताच. नुसतं अ‍ॅप उतरवून घेतलं आणि विचारणारं कोणी नसलं, तर नैराश्यात त्याचा उपयोग कमी होतो.

फोनवरच्या उपचाराबद्दल २०१२ चा एक अमेरिकी अभ्यास आम्हाला जास्त बोलका वाटतो. नैराश्य असलेले ३२५ जण, प्रत्येकाला १८ सत्रं. मध्येच सोडून देणारे फोनच्या गटात २०.९ टक्के, तर प्रत्यक्ष येणाऱ्यांत ३२.७ टक्के. उपचार संपले तेव्हा दोन्ही गटांची सुधारणा सारखी होती. सहा महिन्यांनी मात्र प्रत्यक्ष येणारे थोडे बऱ्या स्थितीत होते. म्हणून दुरून उपचार घेणाऱ्यांना आम्ही शेवटच्या सत्रानंतर महिन्याने आणि पुन्हा तीन महिन्यांनी एकेक फेरी ठेवायला सांगतो.

ऑनलाइन कोणी घेऊ नये

जीव द्यायचे विचार पाठ सोडत नसतील, नसलेले आवाज ऐकू येत असतील, किंवा घरात मारहाण होत असेल आणि मारणारा त्याच घरात असेल, तर प्रत्यक्ष या. रोजची दारू एकदम थांबवल्यावर हात थरथरू लागले तर आधी डॉक्टर गाठा. त्यात फिट येऊ शकते. सात-आठ वर्षांखालचं मूल बोलतं ते खेळातून, स्क्रीनसमोर ते दहा मिनिटांत खुर्चीवरून उतरतं. रात्री-अपरात्री गरज पडली तर सरकारची टेलीमानस सेवा १४४१६ वर आहे: २४ तास, मोफत, मराठीतही.

मंत्रचळात उलटं

इथे तुमचं घर आमच्या खोलीपेक्षा कामाचं. गॅस बंद केलाय ना, हे पाच-पाच वेळा बघणाऱ्याशी केंद्रात बसून नुसतं बोलता येतं. ऑनलाइन असलं की फोन ओट्यावर तेलाच्या डब्याला टेकवून ठेवायचा, गॅसचं बटण एकदाच बंद करायचं, पाठ फिरवायची आणि परत न बघता उभं राहायचं. दर पाच मिनिटांनी अस्वस्थतेला ० ते १० मध्ये आकडा द्यायचा. बहुतेकदा आकडा हळूहळू उतरतो. नाही उतरला तरी न बघता थांबता आलं, म्हणजे काम झालं.

बिघडतं कुठे

नेटपेक्षा दारापाशी जास्त. ईअरफोनमुळे आमचा आवाज बाहेर जात नाही, तुमचा जातोच. पलीकडे हॉलमध्ये सासूबाई बसल्या असतील तर माणूस "हो, ठीक आहे" एवढ्यावर येतो आणि पन्नास मिनिटं वाया जातात. दाराबाहेर टीव्ही किंवा रेडिओ लावून ठेवा. बंद उभी गाडी चालते, चालवत असताना नाही. कोणी अचानक आत आलं तर "बिलाचं नंतर बघू" म्हणा. आम्ही विषय बदलतो.

फोन हातात धरू नका. डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर टेकवा. खिडकी पाठीशी असली की चेहरा काळा दिसतो आणि डोळ्यांत पाणी आलेलं आम्हाला कळत नाही. तासाला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा जातो. आवाज उशिरा पोहोचू लागला की दोघंही एकदम बोलतात. शिवाय तुम्ही विचारात गप्प आहात की नेट अडकलंय, हेही समजत नाही. अशा वेळी कॅमेरा बंद करून आवाज तेवढा ठेवा. कॉल तुटला तर दोन मिनिटांत आम्हीच साधा फोन करतो, तुम्ही लावत बसू नका, नाहीतर दोन्हीकडून एंगेज लागतो.

प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला तुम्ही त्या क्षणी कुठे आहात तो पत्ता आणि जवळच्या एकाचा नंबर विचारतो. गरज पडली तर मदत पाठवायची कुठे, हे आम्हाला स्क्रीनवरून दिसत नाही.

गुण येतोय का, हे मोजायचं

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली पहिल्या आणि नंतर दर चौथ्या सत्राला भरून घेतो. गुण ० ते २७. जितके कमी तितकं चांगलं. सुरुवातीला १० किंवा जास्त असतील, तर पाचव्या सत्रापर्यंत पाचेक गुण उतरायला हवेत. नाही उतरले तर तीच गाडी पुढे ढकलत नाही: प्रत्यक्ष बोलावतो, पद्धत बदलतो किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतो. औषध तेच लिहून देतात, समुपदेशक नाही. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. त्याला शून्याशिवाय दुसरं उत्तर आलं तर त्याच दिवशी फोन करतो.

पहिलं सत्र जमल्यास प्रत्यक्ष घ्या, पुढची घरून. परदेशातल्या मुलाला किंवा मुलीला आईवडिलांच्या सत्रात जोडायचं असेल तर वेळ भारतीय घड्याळानेच लिहून ठेवा: अमेरिकेत मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ तासाने सरकतं, आणि त्या आठवड्यांत कोणीतरी एकजण हमखास तासभर चुकतो.