सडतं की नुसतं दिसेनासं होतं?

केळीच्या पानावर पाणी टिकत नाही. पानावर मेणाचा थर असतो, त्यामुळे फवाऱ्याचा थेंब मण्यासारखा घरंगळतो आणि करप्याचं औषध जमिनीवर जातं. म्हणून आमच्याकडे जळगावच्या चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात पंपात औषधासोबत 'स्टिकर' (थेंब पानाला धरून ठेवणारं द्रावण) पडतंच. त्यातलं भारीपैकी असतं ते सिलिकॉनवालं. पाण्याचं पृष्ठताण (थेंब गोल धरून ठेवणारी ओढ) मीटरला ७२ मिलिन्यूटनच्या आसपास असतं. साबणासारखे पदार्थ ते साधारण तिसापर्यंत उतरवतात, तर ट्रायसिलोक्झेन जातीचं हे स्टिकर २१-२२ वर आणतं. थेंब पानावर तेलासारखा पसरतो.

गेल्या हंगामात पंप धुताना आप्पांनी विचारलं, "हाई पानीमा सडस का तठेच ऱ्हास?" (हे पाण्यात सडतं का तिथेच राहतं?) प्रश्न साधा होता. उत्तर द्यायला मला बरंच वाचावं लागलं.

आधी नावाचा घोळ सोडवतो. सिलिकॉन हे मूलद्रव्य. वाळूत आणि आपल्या काळ्या मातीत ते ठासून भरलेलं आहे. सिलिकॉनच्या अणूला कार्बन थेट जोडला की सेंद्रिय सिलिकॉन संयुग तयार होतं. शाम्पूतला गुळगुळीतपणा, खिडकीच्या फटीत भरायचं सीलंट, फेस मारणारी औषधं हे सगळं याच कुळातलं. गंमत अशी की वाळूच्या ढिगावर वाढलेल्या सजीवसृष्टीने स्वतःहून हा सिलिकॉन-कार्बन बंध बनवल्याचं एकही उदाहरण आढळलेलं नाही. जे घरात कधी शिजलंच नाही ते पचवायची सवय जिवाणूंना कुठून असणार?

एखादं रसायन पाण्यात सडतं का हे तपासायची ठरलेली रीत आहे. सांडपाणी केंद्रातला जिवंत गाळ थोडा घ्यायचा, खनिजं घातलेल्या पाण्यात टाकायचा आणि खाद्य म्हणून फक्त ते रसायन द्यायचं. मग २८ दिवस वाट पाहायची. जिवाणूंनी ते खाल्लं तर ते ऑक्सिजन ओढतील आणि कार्बन डायऑक्साइड सोडतील. हिशेबाने जेवढा वायू निघायला हवा त्याच्या ६० टक्के निघाला, आणि तोही सुरुवात झाल्यापासून १० दिवसांच्या आत, तर रसायन 'सहज विघटनशील' ठरतं. शंभर टक्के मागत नाहीत, कारण खाल्लेल्यातला बराच कार्बन जिवाणूंच्या अंगाला लागतो. शेजारच्या बाटलीत सोडियम बेंझोएटसारखं हमखास पचणारं खाद्य ठेवतात. ते पचलं नाही तर गाळच मेलेला होता असं समजायचं.

सिलिकॉन कुळाशी गाठ पडली की ही रीत अडखळते. शाम्पू-क्रीमसाठी वापरला जाणारा डी-५ हा कड्यासारखा रेणू घ्या. लिटरभर पाण्यात तो जेमतेम १७ मायक्रोग्रॅम विरघळतो आणि चाचणीत घालतात त्याच्या शेकडो पट. उरलेला वर तरंगतो, काचेला चिकटतो, गाळात दडतो आणि झाकण सैल असेल तर सरळ हवेत उडून जातो. महिन्याने पाणी तपासलं तर रसायन गायब! कागदावर मात्र 'विघटन झाले' लागायचं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी फसगत हीच. म्हणून अशा उडणाऱ्या पदार्थांसाठी बंद बाटलीची वेगळी चाचणी आहे, तिच्यात निघालेला कार्बन डायऑक्साइडच मोजतात. तिथे डी-५ चा आकडा आला ०.१४ टक्के, त्याच्या धाकट्या भावाचा, डी-४ चा, ३.७. म्हणजे २८-२९ दिवसांत जिवाणूंनी जवळपास तोंडच लावलं नाही.

तरीही डी-४ पाण्यात कायम राहत नाही. २५ अंशांना, सामू (पीएच) ७ असताना, तीन-चार दिवसांत निम्मा फुटतो. फोडणारं असतं पाणीच. जिवाणूंचा त्यात हात नाही. गाळाला चिकटलेला मात्र तसाच पडून राहतो. युरोपीय संघाने २०२० पासून धुऊन टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांत डी-४ आणि डी-५ वर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली ती याच चिवटपणामुळे.

आपलं स्टिकरही पाण्याने फुटतं. सामू ६ ते ८ च्या बाहेर गेला की ट्रायसिलोक्झेनचा कणा तुटू लागतो. बोअरच्या पाण्याचा सामू ८ च्या वर असेल तर रात्री कालवून ठेवलेलं द्रावण सकाळी तितकं पसरत नाही, त्याचं एक कारण हे. याच्या शेपटीकडचा भाग जिवाणूंना त्यामानाने पचतो, सिलिकॉनचं डोकं उरतं. त्यामुळे चाचणीत एकच टक्केवारी पाहिली तर कोणता भाग गेला आणि कोणता राहिला हे कळतच नाही.

जमिनीत वेगळाच खेळ चालतो. याच कुळातलं लांब साखळीचं सिलिकोन तेल ओल्या मातीत महिनोन्‌महिने तग धरतं, पण माती वाळली की चिकणमातीचे कण त्याची साखळी तोडायला मदत करतात आणि काही आठवड्यांत तुकडे पडतात. वैशाखात भेगाळलेलं कापसाचं रान यासाठी फर्मास. बारा महिने ठिबकवर ओली असलेली केळीची बाग तितकीशी नाही. तुटून जो छोटा रेणू उरतो, डायमिथाइलसिलेनडायॉल, त्याचा काही भाग हवेत उडतो आणि काही मातीतले जीव हळूहळू संपवतात. १९९६ साली अशा जिवांचा शोध घेतला तेव्हा एक बुरशी हाती लागली: फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम. तीही एकटं हेच खाऊन जगत नाही, दुसरं खाद्य पचवता पचवता जाता जाता हेही उरकते.

कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक संस्थेत नोबेलविजेत्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांच्या गटाने २०२४ मध्ये जिवाणूचं एक विकर (एन्झाइम) पिढ्यान्‌पिढ्या बदलत नेऊन सिलिकॉन-कार्बन बंध तोडून दाखवला. वेग फार कमी आहे, सांडपाण्यात वापरायला अवकाश आहे.

हे सगळं आप्पांना सांगितलं. त्यांनी बाकी सोडून बुरशीचंच नाव धरलं. "फ्युजेरियम? म्हंजे मर रोगवाला तोच का?"

तोच. म्हणजे जात तीच, केळीला मारणारा तिचा प्रकार वेगळा. आप्पांनी पंपाचं उरलेलं पाणी नाल्याऐवजी बांधावरच्या कोरड्या मातीत ओतलं, आणि बागेपासून चांगलं लांब.