संध्याकाळी सहाला दारात मूल लोळण घेतं तेव्हा

आमच्या पाळणाघरात दिवसभर गुण्यागोविंदानं खेळलेलं मूल तुम्ही दारात दिसताच भोकाड पसरतं, चपला भिरकावतं. मग तुम्ही विचारता, "काकू, आज काही झालं का हो?" बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं. मूल दमलेलं असतं, भुकेलं असतं आणि दिवसभर धरून ठेवलेलं सगळं हक्काच्या माणसापुढे सोडून देतं. केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू घरी गेल्यावर देण्याऐवजी दारातच हातावर ठेवा, तोही रडं सुरू व्हायच्या आधी.

आमचा खरा वेळ जातो तो मोबाईलपायी. आई चारदा "नाही" म्हणते. पाचव्या किंकाळीला, रस्त्यावरचे लोक बघतायत म्हणून, मोबाईल हातात येतो. मुलाला एवढंच कळतं की चार किंकाळ्या पुरत नाहीत, पाच लागतात. दुसऱ्या दिवशी सुरुवातच पाचव्यापासून! कधी मिळतं, कधी मिळत नाही, अशी लागलेली सवय रोज मिळण्याच्या सवयीपेक्षा चिवट असते. त्यामुळे द्यायचंच असेल तर पहिल्या मागणीलाच द्या, आम्ही नावं ठेवणार नाही. एकदा नाही म्हटलंत तर मात्र नाहीच. "मोबाईल नाही. राग आलाय ना? मी इथंच आहे," एवढंच बोला आणि शेजारी बसा. मूल डोकं आपटत असेल किंवा रस्त्याकडे पळत असेल तर अर्थातच उचला.

असं ठरवलं की पहिले काही दिवस रडणं वाढतं. बहुतेक घरं इथंच हात टेकतात. उपाय चुकला असं वाटतं, पण मूल फक्त जुनं नाणं अजून चालतंय का ते बघत असतं. आजी-आजोबांनाही हे सांगून ठेवा. रविवारी आजीनं सैल सोडलेलं सोमवारी आम्ही पुन्हा बांधायला घेतो, ते बुधवारी कुठं जमतं. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तर विचारूच नका.

चावण्याबद्दलही रोज विचारणा होते. दीड ते तीन वर्षांच्या मुलांत हे नवल नाही. सोलापुरात कितीतरी घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात, आणि आमच्याकडे सगळी मुलं एका खोलीत. शब्द हाताशी नसला की दात पुढे येतात. म्हणून नवीन मूल आलं की आमच्या ताया पहिल्या आठवड्यात त्याचं 'नको' शिकून घेतात. कुणाचं 'वद्दु', कुणाचं 'बेड'. "कोणी चावलं?" याचं उत्तर आम्ही देत नाही, त्यावरून पालक चिडतातही. पण आज चावून घेतलेलं मूल पुढच्या महिन्यात स्वतः चावू शकतं. तेव्हा तुमच्याही मुलाचं नाव आमच्याकडून बाहेर जाणार नाही. घरी "कसं दुखतं बघ" म्हणून उलटं चावून दाखवू नका. त्यानं मूल चावायलाच शिकतं.

झोपेचं थोडक्यात सांगतो. दिवसाची धरून १ ते २ वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास झोप लागते, ३ ते ४ वर्षांच्या मुलाला १० ते १३. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड, तेही अवेळी. रात्री पाण्यासाठी घर जागं असेल तर सकाळी सोडताना तेवढं सांगा, आम्ही त्या दिवशी दुपारची झोप लवकर लावतो. न सांगितल्यामुळे आमची आख्खी सकाळ कुरकुरीचं कारण शोधण्यात जाते.

आमच्याकडे प्रत्येक मुलाची वही असते. गोंधळाच्या आधी काय घडलं, मुलानं काय केलं, नंतर आम्ही काय केलं, एवढंच तीत लिहितो. दोन आठवड्यांची पानं चाळली की बहुधा वेळ किंवा कारण सापडतं. शनिवारी ४ ते ६ आम्ही पालकांबरोबर वही घेऊन बसतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मूल अजून आमच्याकडे येत नसलं तरी बोलायला या. दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल किंवा हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर शनिवारची वाट न बघता आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि येताना घरात जे कोणी पाचव्या किंकाळीला मोबाईल देतं, त्यांनाही सोबत आणा.