सॅन मरिनोने २० वर्षांनी मॅच जिंकली, त्याच्या मागची गोष्ट

नोव्हेंबर २०२४ मध्ये सॅन मरिनोने लिख्टेनश्टाइनला त्यांच्याच घरी, वाडुझला, ३-१ हरवलं आणि नेशन्स लीगमध्ये (युरोपातल्या देशांची स्पर्धा) वरच्या श्रेणीत गेली. तेव्हा बऱ्याच लोकांना पहिल्यांदा कळलं की असा देश आहे आणि त्याची फुटबॉल टीमसुद्धा आहे. तर थोडं मागे जाऊया.

चारही बाजूंनी इटली, मध्ये माँते टिटानो नावाचा डोंगर, ६१ चौरस किलोमीटर जागा आणि जेमतेम ३४ हजार माणसं, एवढाच देश. फुटबॉल फेडरेशन मात्र १९३१ सालचं जुनं. पण बरीच वर्षं राष्ट्रीय टीम असा प्रकारच नव्हता, इथला चांगला प्लेयर सरळ इटलीत जायचा. मास्सिमो बोनिनीचंच बघा ना, जन्म सॅन मरिनोचा, युव्हेंटस या इटलीतल्या मोठ्या क्लबच्या मिडफिल्डमध्ये फ्रान्सचा स्टार प्लातिनीच्या वाटचंही धावायचा, १९८५ चा युरोपियन कप जिंकला आणि इटलीच्या अंडर-२१ टीमकडूनही खेळला. स्वतःच्या देशाकडून खेळायला मिळालं ते करिअरच्या उतारावर, कारण फिफाने सॅन मरिनोला घेतलंच १९८८ मध्ये. पहिली अधिकृत मॅच नोव्हेंबर १९९० मध्ये स्वित्झर्लंडशी, ०-४.

मग सुरू झाला मार खायचा सिलसिला, पण त्यातही मध्येच काहीतरी गंमत व्हायची. मार्च १९९३ मध्ये तुर्कस्तानला ०-० रोखलं. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला बोलोन्यात इंग्लंडशी मॅच, इंग्लंडला वर्ल्ड कपला जायचं तर सात गोलच्या फरकाने जिंकायचं होतं आणि वर दुसऱ्या मॅचचा निकालही हवा तसा लागायला हवा होता, आणि झालं काय तर इंग्लंडच्या स्टुअर्ट पिअर्सचा गोलकीपरकडचा बॅकपास कमी पडला, सॅन मरिनोचा डाविडे ग्वाल्तिएरी मध्ये घुसला आणि ८.३ सेकंदात गोल! शेवटी इंग्लंड ७-१ जिंकलं, पण वर्ल्ड कप हुकला तो हुकलाच. ग्वाल्तिएरी पोटापाण्यासाठी कॉम्प्युटर विकायचा, आणि वर्ल्ड कप क्वालिफायरमधला सगळ्यात फास्ट गोल म्हणून त्याचा रेकॉर्ड २०१६ पर्यंत टिकला.

२००१ मध्ये रिगाला जाऊन लाटव्हियाशी १-१ केलं, तर लाटव्हियाच्या इंग्लिश कोचने राजीनामाच दिला 😄. सॅन मरिनोला हरवता न येणं म्हणजे नोकरी जाणं, अशी ही टीमची ख्याती.

पहिला विजय २८ एप्रिल २००४ ला. तोही फ्रेंडलीत, लिख्टेनश्टाइनवर १-०, अँडी सेल्व्हाचा फ्री किक. सेल्व्हाचे एकूण गोल ८, आणि तेवढ्यावर तो देशाचा टॉप स्कोअरर आहे. त्यानंतर जो दुष्काळ पडला तो पडलाच. २००६ मध्ये जर्मनीने सेरावाल्लेत, म्हणजे यांच्याच मैदानावर, १३-० धुतलं, पोडोल्स्कीचे एकट्याचे चार. सलग ६१ पराभव झाले, ते थांबले नोव्हेंबर २०१४ मध्ये, एस्टोनियाशी ०-० झाली तेव्हा. २०१६ मध्ये परत जर्मनीकडून ०-८, आणि जर्मनीचा थॉमस म्युलर बोलून गेला की असल्या मॅचचा प्रोफेशनल फुटबॉलशी काय संबंध. सॅन मरिनोच्या फेडरेशनच्या मीडियावाल्याने त्याला उघड पत्र लिहून दहा मुद्द्यांत उत्तर दिलं. मला विचाराल तर म्युलर तेवढा चूक नव्हता, यांचे बरेचसे प्लेयर दिवसभर नोकरी किंवा कॉलेज करून येणारे, पण मॅचचं वेळापत्रक काही त्यांनी बनवलेलं नाही!

आणि खरी मेख या वेळापत्रकातच आहे. क्वालिफायरमध्ये सगळ्यात तळाच्या टीमच्या वाट्याला बहुतेक वेळा तगडेच येतात, बरोबरीचा भिडू मिळणार कुठून? २०१८ ला नेशन्स लीग आली आणि तळाच्या टीम एकमेकींशी खेळायला लागल्या. पहिल्या सीझनला सहाच्या सहा हरले, एक गोल नाही. २०२० मध्ये लिख्टेनश्टाइन आणि जिब्राल्टरशी दोन ०-० ड्रॉ. मग २०२३ च्या शेवटी डेन्मार्क, कझाकस्तान, फिनलंड अशा लागोपाठ तीन क्वालिफायरमध्ये गोल केले, हरले तिन्ही, पण एवढं कधीच झालं नव्हतं.

५ सप्टेंबर २०२४ ला सेरावाल्लेत लिख्टेनश्टाइनवर १-०. निको सेन्सोलीने गोल मारला, वय १९, म्हणजे आधीचा विजय झाला तेव्हा पोरगं जन्मलंही नव्हतं. मध्ये १४० मॅच गेल्या होत्या. मग वाडुझची ती ३-१, आधी एक गोल खाऊन मग तीन मारले, एका मॅचमध्ये तीन गोल पहिल्यांदाच आणि परदेशातला विजयही पहिलाच. चार मॅचमध्ये ७ पॉइंट, गटात पहिले.

पण वर्ल्ड कप क्वालिफायर आले की परत जुनंच गणित, ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हिएन्नात ऑस्ट्रियाने १०-० हाणले. आणि हो, आजवरचे तिन्ही विजय एकट्या लिख्टेनश्टाइनवरच आहेत, त्यांच्या फॅन्सना काय वाटत असेल देव जाणे.