कंदीलमासा आणि दहा कोटी टनांचा आकडा

दिवाळे गावात किंवा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात कंदीलमासा मागितला तर कुणाला समजणार नाही. मुंबईसमोर उथळ समुद्र सुमारे ३०० किलोमीटर पसरला आहे. डोल जाळी, बोंबील, जवळा हा सगळा कारभार त्याच्या अलीकडच्या टोकाला चालतो. कंदीलमासा पलीकडच्या टोकाला, जिथे तळ एकदम खाली जातो तिथला. लांबी बोटभर, आयुष्य जेमतेम वर्षाचं, पोटाशी उजेडाचे ठिपके. ठिपक्यांच्या मांडणीवरूनच जात ओळखतात. दिवसा दोनशे-चारशे मीटर खाली, रात्री प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खायला वर.

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारवर (आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्रावर) समुद्राचा एक खोटा तळ दिसायचा आणि अंधार पडला की तो वर सरकायचा. तो तळ म्हणजे बऱ्याच अंशी असेच जीव, हे पुढे उलगडलं.

घोळ आहे तो १९७५-७६ नंतरचा. नॉर्वेच्या एका संशोधन जहाजाने अरबी समुद्राचा उत्तर आणि पश्चिम भाग पालथा घातला. त्यातून पुढे तिथल्या कंदीलमाशाचा अंदाज निघाला सुमारे १० कोटी टनांचा. भारताची वर्षभराची सागरी मासळी आजही ३५ लाख टनांच्या आसपास आहे, म्हणजे डोळे फिरणारच. पण हे टन कुणी तोलले नव्हते. परत आलेल्या ध्वनीवरून ते काढले होते. माशाच्या पोटातली हवेची पिशवी केवढी, यावर प्रतिध्वनी कमी-जास्त होतो. वायूचे फुगे बाळगणारे जेलीसारखे जीवही तसाच आवाज परत पाठवतात. जाळ्याने पडताळावं तर हे मासे जाळं चुकवतात, म्हणून तिथे आकडा कमी भरतो. साऱ्या जगातल्या मध्यम खोलीवरच्या माशांचा जुना अंदाज १ अब्ज टन होता. २०१४ मध्ये तो १० अब्ज असावा असं मांडलं गेलं. दसपट फरक! असा अंदाज शास्त्रज्ञांनी जपून वापरला, धोरणकर्त्यांनी मात्र गोदामातल्या साठ्यासारखा वाचला, असं मला वाटतं.

भारताच्या १९९१ च्या खोल समुद्रातल्या मासेमारीच्या धोरणाने परदेशी जहाजांना दार उघडलं. त्यांचा डोळा कंदीलमाशावर नव्हता, पण ‘पलीकडे अमाप माल पडून आहे’ हे गृहीतक तेच. किनाऱ्यावरून कडाडून विरोध झाला आणि १९९६ मध्ये सरकारने नेमलेल्या आढावा समितीनेच त्या जहाजांचे परवाने रद्द करण्याची शिफारस केली. कोळ्यांचा हा विरोध अडाणीपणाचा होता, असं अजून कुठेकुठे लिहिलं जातं. ते चूक आहे.

प्रत्यक्ष कंदीलमासा पकडून पाहिला तो इतरांनी. दक्षिण आफ्रिकेत १९७३ मध्ये ४२ हजार टनांवर माल निघाला, पण या माशात तेल इतकं, की कारखान्यांत प्रक्रिया करणं अवघड झालं आणि १९८० च्या दशकात तो उद्योग थांबला. इराणनेही ओमानच्या आखातात प्रयोग केले.

ताटात वाढायचा हा मासा नाहीच. त्याची भुकटी होते, कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यासाठी. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरांखाली प्राणवायू फार कमी असलेला थर आहे. दिवसा कंदीलमासा तिथे निभावून नेतो, त्याच्या मागे लागणाऱ्या ट्यूनाला तिथे फार वेळ टिकता येत नाही. रात्री तो वर आला की ट्यूना आणि माकूल (स्क्विड) त्याच्यावर तुटून पडतात. या दोघांना बाजारात भाव आहे.