कुठली वयोश्री: शिबिरातली की खात्यातली?

"वयोश्रीचा पुढचा हप्ता कधी येणार?" आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी दर मंगळवारी अर्ज भरून द्यायला बसतो, आणि हा प्रश्न ऐकला नाही असा मंगळवार जात नाही. वयोश्रीला हप्ता नाही. केंद्राच्याही नाही, राज्याच्याही नाही. या दोन निरनिराळ्या योजना आहेत असं सांगितलं की समोरचे काका संशयाने बघतात, कारण मोबाइलवरच्या मेसेजात दोन्हींची खिचडी करून '६५ वर्षांवरील सर्वांना दरमहा ३००० रुपये' असं छापलेलं असतं. न वाचता तो मेसेज पुढे ढकलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्याच्या भरवशावर माणसं वाण्याकडे उधारी वाढवून बसतात.

राज्याची मुख्यमंत्री वयोश्री बहुतेकांना ठाऊक आहे, तेव्हा ती थोडक्यात. ६ फेब्रुवारी २०२४चा शासन निर्णय. ३१ डिसेंबर २०२३ला वयाची ६५ वर्षं पूर्ण हवीत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत हवं, बँक खात्याला आधार जोडलेलं हवं. ३००० रुपये एकदाच, थेट खात्यात. अर्ज समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात.

केंद्राची राष्ट्रीय वयोश्री तिच्याहून जुनी, १ एप्रिल २०१७ पासूनची. तिच्यात पैसे मिळत नाहीत, वस्तू मिळते: काठी, कुबड्या, वॉकर, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी. कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी ती शिबिरं घेऊन राबवते. वय ६०, आणि घर दारिद्र्यरेषेखालचं किंवा महिन्याचं उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत. वर्षाचा हिशोब केला तर १ लाख ८० हजार, म्हणजे दोन्हींच्या उत्पन्नमर्यादेत फारसं अंतर नाही. तिथे डोकं शिणवू नका. वय मात्र नीट बघा. ६२ वर्षांच्या आजोबांना राज्याचा अर्ज भरायला लावून माघारी पाठवलेलं मी पाहिलंय. तेच आजोबा शिबिराला चालले असते.

खरी गफलत पुढेच आहे: आपल्याला काय हवं ते ठरवतं कोण?

शिबिरात ते तपासणारा ठरवतो. शिबिरं दोन असतात, हे लोकांना कोणी सांगतच नाही. पहिलं तपासणीचं. तिथे कान, गुडघे, चालणं बघतात आणि कोणाला कुठली वस्तू लागेल त्याची नोंद करतात. वाटप नंतर, दुसऱ्या दिवशी नव्हे, बऱ्याच अवधीने. पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने परतलेली माणसं 'सगळी फसवणूक आहे' म्हणतात आणि वाटपाला फिरकतच नाहीत. त्यांच्या नावाची वस्तू तिथे पडून राहते. नोंदीचा कागद जपून ठेवा. वस्तू मिळाल्यावरही वर्षभर तिची दुरुस्ती फुकट असते, तेव्हाही कागद लागतात.

खात्यातल्या वयोश्रीत तुम्हाला तपासायला कोणी येत नाही. पैसे जमा होतात आणि पुढचं सगळं तुमच्यावर येतं. हे ३००० घरखर्चाला दिलेले नाहीत. चष्मा, श्रवणयंत्र, फोल्डिंग वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा किंवा कमरेचा पट्टा, मानेचा पट्टा अशा वस्तूंसाठी, नाहीतर योगोपचार केंद्रासारख्या ठिकाणच्या खर्चासाठी आहेत. पैसे जमा झाल्यापासून ३० दिवसांत खरेदीचं बिल सादर करायचं, नाहीतर रक्कम वसूल करण्याची तरतूद आहे. आमच्याकडच्या एका काकांनी चष्मा अगदी वेळेत घेतला, पण पावती म्हणजे पातळ चिठोरं आणि त्यावर नुसता आकडा. ना नाव, ना तारीख, ना शिक्का. मी त्यांच्याबरोबर दुकानात परत गेलो तेव्हा पक्कं बिल मिळालं. पैसे मोजण्याआधीच बिल मागा, आणि त्यावर नाव आधारवर आहे तसंच लिहून घ्या.

दुसरी हूल म्हणजे 'एकीचा लाभ घेतला की दुसरी बंद'. असं नाही. राज्याची अट एवढीच, की तेच उपकरण गेल्या तीन वर्षांत सरकारकडून फुकट मिळालेलं नसावं. *तेच* उपकरण. शिबिरातून वॉकर घेतलेल्या आजी खात्यातल्या पैशांतून चष्मा घेऊ शकतात.

म्हणून माझा सल्ला ठाम आहे. जिथे तपासणी आणि माप महत्त्वाचं, ती वस्तू शिबिरातून घ्या: श्रवणयंत्र, कवळी. कान न तपासता दुकानातून आणलेलं यंत्र आठवड्यात टेबलाच्या खणात जातं. पट्टे आणि चष्मा खात्यातल्या पैशांतून, आणि चष्म्यासाठी आधी डोळ्यांचा नंबर ताजा काढून घ्या.

काठी तर कोणीच मापून घेत नाही. आमच्या एक काकू खांदा दुखतो म्हणून महिनाभर तेल चोळत होत्या. दुखणं काठीपायी होतं. चपला घालून ताठ उभं राहायचं, हात सरळ खाली सोडायचा, काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. काकूंच्या काठीची मूठ चांगली चार बोटं वर होती, म्हणून खांदा सारखा उचललेला. शिवाय दुखरा गुडघा उजवा आणि काठीही उजव्याच हातात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, हे त्यांना दुकानदाराने सांगितलं नव्हतं. मी ॲल्युमिनियमच्या नळीवरचं बटण दाबून काठी दोन भोकं खाली घेतली आणि त्यांच्या डाव्या हातात दिली. बुडाचं झिजलेलं रबर रस्त्यापलीकडच्या मेडिकलमधून बदलून आणलं.

ज्यांना दरमहा पैशांची गरज आहे त्यांनी वयोश्रीच्या नादी लागू नये. त्यासाठी राज्याची श्रावणबाळ निवृत्तिवेतन योजना आहे: वय ६५, वार्षिक उत्पन्न २१,०००पर्यंत, अर्ज तहसील कार्यालयात. जुलै २०२३ पासून तिची रक्कम दरमहा १५०० रुपये आहे. शिबिराची किंवा योजनांची चौकशी करायची तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो. आणि 'वयोश्री मंजूर करून देतो' म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. तुमचा अर्ज घेऊन मंगळवारी संघात या, मी भरून देतो.